जमिनीला टेकलेली पोय

१

आमच्या कुळाचं गाणं गाणारे म्हातारे ओंग लिमान आम्हाला सापडले ते घरामागच्या जुन्या पोफळीच्या बुंध्याशी. पालथे पडले होते, एक हात पोटाखाली गेलेला, झोपेत कूस बदलता बदलता राहून गेल्यासारखे. डोक्याची मागची बाजू मात्र बघवत नव्हती. ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. माझी चिम माझ्या खांद्यावर दूध पिऊन पेंगत होती आणि मी तिचं तोंड माझ्या मानेत दाबून धरलं, जणू तिला काही कळणार होतं.

त्यांच्या पायात झाडावर चढायचा दोर होता, कमरेला कोयता होता. शेजारी पोफळीची एक पोय, फुलोऱ्याचा बंद कोश, पडली होती. न उमललेली, मधे फुगलेली, मातीत आडवी.

"पडले," बाबा म्हणाले. ते इतर पुरुषांबरोबर तेवढ्यातच समुद्रावरून परत आले होते, खांद्यावर अजून ओलं जाळं होतं. "या वयात झाडावर चढायचं काही कारण होतं का? मला सांगितलं असतं तर मी कोणी तरुण पोरगा पाठवला असता."

आमच्या कुळातल्या बायका एकेक करून जमल्या होत्या, आणि त्या ओंग लिमानकडे बघतच नव्हत्या. त्या पोयीकडे बघत होत्या. आई तोंडावर हात धरून उभी होती. शेवटी शेजारची तापाई हळूच म्हणाली, "आपल्या माणसाच्या हातून पोय जमिनीला टेकत नाही."

तिच्या बोलण्यानंतर सगळ्यांच्या माना घराकडे वळल्या. पायरीवर बिलानमावशी उभी होती, तान्ह्या पोरीला छातीशी धरून. काय झालंय ते तिला अजून कळलं नव्हतं. ती मला विचारत होती, नुसत्या डोळ्यांनी.

तो खरं तर तिचा दिवस होता. ओंग लिमान तिला आणि तिच्या पोरीला कुळात गाणार होते.

आमचं पोफळीचं कूळ. राजाच्या अंगणातल्या पोफळीला एक पोय आली ती उमलेना, फुगतच गेली, मग एक नोकर चढला, त्याने ती तोडली, धप्पकन खाली पडली, आत मूल निघालं. त्या मुलाने कुठल्याच बाईचं दूध घेतलं नाही. पाचरंगी गाईने त्याला वाढवलं, म्हणून आम्ही गाईचं मांस खात नाही. ही गोष्ट नारळाच्या कुळातली पोरंही सांगतात. पण ती सबंध गायची, पोयीपासून सुरुवात करून आई, आजी, पणजी असं एकेक नाव ओवत आजच्या तान्ह्या पोरीपर्यंत आणायची, हे एकट्या ओंग लिमानना येत होतं. त्यांचा शिष्य उत्तरेच्या लढाईत गेला. त्या गाण्यात नाव आलं की माणूस आमचं. नाही आलं, तर मेल्यावर त्याची हाडं आमच्या कुळाच्या दगडांखाली जात नाहीत. आणि घर धाकट्या लेकीचं, पण ती गायलेली असेल तरच.

बिलानमावशी आजीची धाकटी लेक. ख्मेरांच्या धाडीत लहानपणी नेलेली, गेल्या कोरड्या मोसमात व्यापाऱ्यांच्या होडीतून परत आलेली. किंवा मग ती कोणीच नव्हे, नुसती एक तान्ही पोर घेऊन आलेली बाई. गावात दोन्ही बोललं जायचं.

दुपार व्हायच्या आत गावच्या प्रमुखाने तिला धान्याच्या कोठारात कोंडलं. खून करणाऱ्याला शहरात हत्तीच्या पायाखाली देतात. होडी परवा सुटणार होती.

तिची पोर तिच्या हातातून काढून कोणीतरी माझ्या हातात दिली. मी दोघींना घेऊन बसले, एकीला या बाजूला, एकीला त्या.

२

मुक हालेई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. किल्ल्यावरून तिला पाठवलं होतं. बायकांना प्रश्न विचारायचे असले की तिला पाठवतात. तोंडात एक दात नाही, पण पानाशिवाय राहवत नाही, म्हणून कमरेला पितळेची छोटी नळी आणि कांडी. त्यात पान-सुपारी कुटत कुटत ती बोलायची. कूळ नारळाचं.

"तुझा बाप माझ्याच कुळातला ना?" तिने मला पहिल्यांदा हेच विचारलं. "म्हणजे आळशी असणार. पण खुनी नसेल. खुनाला कष्ट पडतात."

"बाबा तेव्हा समुद्रावर होते, मुक हालेई. सगळ्यांबरोबर."

"ठाऊक आहे. मी माशांनाही विचारून आलेय." तिने माझ्या मांडीवरच्या दोन पोरींकडे बघितलं. "यातली कोठारातल्या बाईची कुठली?"

मी दाखवली. तिला अजून नाव नव्हतं. गाण्याआधी नाव ठेवत नाहीत.

"हिची भूक चांगली आहे," मुक हालेई म्हणाली. "चल, तू माझ्याबरोबर. तुमच्या बायका मला बघून शिंपल्यासारख्या मिटतात. तू तरी उत्तर देतेस."

"पोरी?"

"आण की. त्या साक्ष देणार नाहीत, पण बिघडवणारही नाहीत."

कोठाराच्या दारात पहारेकरी शेळ्यांना शेंगा घालत बसला होता. आत बिलानमावशी भिंतीला टेकून होती. पोरीला बघून उठली, छातीशी घेतलं. पोर चोखत राहिली आणि मग रडायला लागली. मावशीने हताशपणे माझ्याकडे बघितलं. "कालपासून येईनासं झालंय," ती म्हणाली.

मुक हालेई तिच्यासमोर खाली बसली. "तू या घरची लेक आहेस का गं?"

"माहीत नाही."

मला वाटलं, ती हो म्हणेल. सगळ्यांना ती हो म्हणत आली होती.

"नेलं तेव्हा मी एवढीशी होते," बिलानमावशी सांगू लागली. "मला विटांचा एक मनोरा आठवतो. शेळ्यांचा वास आठवतो. कोणीतरी केस विंचरायचं आणि ओढलं की मी रडायचे, ते आठवतं. व्यापारी म्हणाला, अशी जागा दक्षिणेला आहे. मी आले. आईने मला बघून असा हंबरडा फोडला... मी काय म्हणणार होते, की थांबा, मला खात्री नाही?"

"ओंग लिमानला हे सांगितलं होतंस?"

"सांगितलं."

"मग? चिडला असेल."

"हसले. म्हणाले, पोयीतल्या बाळाला तरी कुठे ठाऊक होतं ते कोणाचं आहे. गायल्यावर ते आपलं झालं. उद्या पहाटे तयार राहा म्हणाले."

मुक हालेईची कांडी थांबली. "हे आणखी कोणी ऐकलं?"

बिलानमावशी विचार करत राहिली. "ओटीवर बोलत होतो आम्ही. आत ताई भाजी चिरत होती."

ताई म्हणजे माझी आई.

३

आईने मुक हालेईला जेवायला वाढलं. भात, खारवलेला मासा, तिळाची चटणी. आई नेहमीसारखीच वावरत होती. चिमच्या अंगाला हळद लावली, कोंबड्यांना हाकललं, आजीच्या पाठीखाली उशी सारली. आजीला दोन वर्षं उठता येत नाही. तिला रात्रभर कोणी सांगितलंच नव्हतं की बिलान कोठारात आहे. ती सारखी विचारत होती, गाणं कधी सुरू होणार.

"मीठ बरोबर आहे," मुक हालेई म्हणाली. "दात नसले की मीठच कळतं. पारियाक, तुझा संशय कोणावर?"

"मी कोणावर बोट दाखवलं नाही," आई म्हणाली.

"नाही दाखवलंस. अख्ख्या गावात तू एकटीच नाही दाखवलंस. म्हणून विचारतेय."

"आमच्या घरी आलेली आहे ती. मी काय बोलू." आईने तिच्या ताटात आणखी भात वाढला. "तुम्ही बघाल ते खरं."

"तुझी बहीण वाटते का ती तुला?"

"आईला वाटते," आई म्हणाली. "आईला वाटलं की झालं."

जेवण झाल्यावर आम्ही घरामागे गेलो. ओंग लिमानना काल संध्याकाळीच नेलं होतं. पोय मात्र तिथेच होती. जमिनीला टेकलेल्या पोयीला आमच्यातलं कोणी हात लावत नाही. मुक हालेईने आधी तिच्याकडे बघितलंही नाही. ती मान वर करून जुन्या पोफळीचा शेंडा बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं तिची मान अवघडली.

"माझे डोळे जुने झालेत. वर ताजं तोडलेलं कुठे दिसतं का बघ."

मी बघितलं. नव्हतं. झावळ्यांखाली सगळं जुनं, वाळलेलं.

"मी मेलेल्या माणसाला बघून आले," ती म्हणाली. "या झाडाच्या खोडावर पांढरी भुकटी आहे. बोट लाव. लागली ना? त्याच्या तळव्याला, नडगीला, पोटाला कुठेच नव्हती. पायात दोर घालून तो जमिनीवर उभा होता. चढणार होता, चढला नाही. मागून काहीतरी जड बसलं. उखळातलं मुसळ असेल."

मग ती विहिरीकडे चालत गेली. तिथे एक ठेंगणी पोफळ आहे. तिच्या मानेशी ताजा, ओला घाव होता. आकडीने खाली उभं राहूनसुद्धा काढता येईल अशी पोय होती ती.

"म्हणजे पोय इथून काढली आणि तिथे नेऊन ठेवली. कोणीतरी सांगतंय, बघा, हा चढला, पोय पडली, पाठोपाठ हाही पडला. तुमच्या गाण्यातल्यासारखं. ठीक. पण मग त्या बायका एवढ्या खात्रीने कसं म्हणतात, की हे बाहेरच्याने केलं?"

ते आम्ही सांगत नाही.

मुक हालेई परत आली आणि कोणाला न विचारता तिने पोय उचलली. तिच्या कुळाला काय त्याचं, ती नारळाची. खाली माती दबली होती आणि मुंग्यांची काळी रेघ लागली होती. रेघेच्या टोकाला तांदूळ होते. थोडेसेच, हळदीने पिवळे, एकमेकांना चिकटून गोळा झालेले.

"कोंबड्यांना टाकले असतील," मी म्हणाले.

"असतील," ती म्हणाली. तिने गोळा नाकाशी नेला, हुंगला, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या कडेवरच्या पोरींकडेही.

ते तांदूळ कोंबड्यांचे नव्हते. ते कशाचे आहेत हे मला ठाऊक होतं. मला चिम झाली त्या दिवशी आईनेच माझ्या कानात सांगितलं होतं.

४

मी ठरवलं, गावातल्या दुसऱ्या कोणाचे तरी असतील. तापाईच्या सुनेचं मूल अंगावर पीत नाही का? डोंगराकडच्या घरातही एक बाळंतीण आहे. दुपारभर मी हेच घोळवत होते.

संध्याकाळी बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. मी त्यांना शहाळं नेऊन दिलं.

"डोळे कसे आहेत, बाबा?"

"कोणाचे?"

"तुमचे. आले होते ना? परवा आईने माझं दूध मागून नेलं. करवंटीत काढून दिलं मी. म्हणाली, डोळ्यांत घालायचंय."

बाबा हसले. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय. त्या रात्री तर समुद्रावर सगळ्यांत आधी मीच माशांचा थवा बघितला. विचार कोणालाही." त्यांनी सुई दाताखाली धरली, गाठ मारली. "तुझी आई विसरते हल्ली. रात्री झोपत नाही ती. बिलान आल्यापासून झोपतच नाही."

मी आत गेले. आई आजीचे पाय चेपत होती. तिने वर बघून विचारलं, "चिमने ढेकर काढली का?"

"काढली."

"आणि ती दुसरी?"

"तिनेही."

आई पुन्हा पाय चेपू लागली. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. रोज पहाटे मुसळाने घरादाराचे तांदूळ सडणारे हात.

५

मुक हालेई विहिरीच्या काठावर पान कुटत होती. दुसऱ्या दिवशी होडी सुटायची होती. मी दोन्ही पोरींना घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले.

"गाण्यात पोय धप्पकन पडते," मी शेवटी म्हणाले. "ते पुरुषांचं गाणं. बाई बाळंत झाली की आमच्यात तिच्या कानात खरं सांगतात. पोय पडलीच नाही. खाली दोन बायका कापड धरून उभ्या होत्या. म्हणून आमच्यात पोय काढायला माणूस एकटा जात नाही. खाली दोघी कापड ताणून धरतात. बाहेरच्यांना तिथे येऊ देत नाहीत. बाबांना इतकी वर्षं झाली, त्यांनाही ठाऊक नाही."

"आणि पडलीच तर?"

"तर कुळातली तान्ही मुलं जगत नाहीत."

"तांदूळ?"

"चुकून टेकलीच, तर ज्या मुलाला वाचवायचं त्याच्या आईच्या दुधात हळदीचे तांदूळ कालवून पोयीखाली ठेवायचे, तेवढ्यापुरताच तिला हात लावायचा. मग पोय त्या मुलाला सोडते."

मुक हालेईने नळी बाजूला ठेवली. "आता मी बोलते. चुकलं तर थांबव. चुकून टेकली असती तर तांदूळ मागाहून ठेवले असते. पोय उचलून. पण ती उचललेली नव्हती, खाली माती तिच्या आकाराने दबली होती. तांदूळ आधी ठेवले, पोय वर ठेवली. म्हणजे ती जमिनीला टेकणार हे त्या हाताला आधीच ठाऊक होतं. बरोबर?"

"बरोबर."

"बाहेरच्या माणसाने गाणं ऐकून हे रचलं असतं तर त्याला तांदूळ ठाऊक नसते. बिलान खरी असो, खोटी असो, तिच्या कानात कोणी सांगितलं नाही. ती बाळंत झाली होडीत. म्हणजे हे आतल्या बाईने केलं, आणि बाहेरच्या बाईने केलंय असं दिसावं म्हणून केलं. गाणारा गेला की गाणं गेलं. वर खोटी लेक हत्तीखाली गेली की प्रश्नच मिटला. फार हुशार डोकं आहे. फक्त एक गोष्ट त्या डोक्याला जमली नाही. पोय जमिनीवर ठेवताना एका बाळाला वाऱ्यावर सोडणं." ती थांबली. "कुठल्या बाळाला, पोरी?"

मी चिमकडे बघितलं. ती झोपेत ओठ हलवत होती.

"दूध कधी दिलंस?"

"आदल्या संध्याकाळी," मी म्हणाले. "करवंटीत. आईने मागितलं होतं."

मुक हालेईने विहिरीत बघितलं. मग म्हणाली, "मी नारळाची. मी उद्या हे बोलले तर तुमच्या बायका म्हणतील, म्हातारी रचून सांगतेय, हिला आमच्यातलं काय कळतं. आणि होडी बिलानला घेऊन जाईल. हे तुमच्यातल्या बाळंत बाईनेच सांगायला हवं. मी तुला सांग म्हणणार नाही. मलाही लेक होती."

ती उठून गेली. बिलानमावशीची पोर जागी झाली आणि माझं बोट धरून चोखायला लागली.

६

सकाळी कुळातल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात बसल्या. आजीला उचलून ओटीवर आणलं होतं, आता तिलाही सगळं कळलं होतं. बिलानमावशी हात बांधून उभी. मी उठले, आणि काल विहिरीवर बोलले तेच बोलले. कापडाचं. तांदळाचं. करवंटीचं. मधेच तापाई पुटपुटली की नारळवालीसमोर हे बोलतेस, लाज नाही वाटत? मी थांबले. पुढचे शब्द आठवेनात.

तेव्हा आई उठली.

"तिला बसू द्या," ती म्हणाली. "रात्रभर दोघींना पाजतेय. दमलीय पोर."

आईने मला हाताला धरून खाली बसवलं, माझ्या मांडीवरून घसरलेलं कापड नीट केलं आणि मग बायकांकडे वळली.

"ओंग लिमानना पोय काढायला मीच लवकर बोलावलं. कापड धरायला तापाई येतेय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोर पायात घातला, वर बघितलं. त्यांना काही कळलं नाही, एवढं मी बघितलं."

आजीच्या तोंडून आवाज आला, शब्द नव्हता तो.

"आई, बिलान आली तेव्हा मी तिचे पाय धुतले होते," आई म्हणाली. "ती माझी बहीण असेलही. मी तिला विंचरायचे, ओढलं की रडायची. पण ती स्वतःच म्हणाली, माहीत नाही. माहीत नसलेल्या बाईला घर जाणार. आणि माझ्या लेकीचा, हारेईचा, नवरा लढाईवर. तो येतो की नाही कोणाला ठाऊक. तू गेल्यावर ही पोर घेऊन कुठे उभी राहिली असती?"

मुक हालेईने विचारलं, "आणि बिलान मेली असती ती?"

"मेली असती."

"तिची पोर?"

आईने पहिल्यांदा मान खाली घातली. "तिचा मी विचार केला नाही. केला असता तर हात उचलला नसता."

बिलानमावशीचे हात सोडले. ती तिथेच बसून राहिली, सुटका झालेल्या माणसासारखी नव्हे. थोड्या वेळाने आजीने तिला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारेल. विचारायलाच हवं होतं. एक लेक तिच्यामुळे जात होती.

"मला सांगू नकोस," आजी म्हणाली. "तू आहेस की नाहीस ते मला सांगू नकोस. आत जा आणि चूल पेटव. घरात कोणीतरी जेवायला हवं."

बिलानमावशी आत गेली.

खून केलेल्या माणसाला नेतात तेव्हा त्याला पोचवायला आमच्यातलं कोणी जात नाही. आईची हाडं आमच्या दगडांखाली येणार नाहीत, हे आजीला तोंडाने म्हणावं लागलं. घरातली मोठी बाई म्हणून. तिने ते म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाबा जाळ्यात तोंड खुपसून ओटीवर बसले होते. गेले फक्त मीच, दोन्ही पोरींना घेऊन, खाडीपर्यंत. ओहोटी लागली होती आणि होडीवाले घाई करत होते. मुक हालेईने त्यांना काहीतरी सुनावलं, मग ते दोर आवळत असल्याचं सोंग करत राहिले.

आई होडीच्या कडेला बसली होती. तिने हात पुढे केला नाही, मीही पोर दिली नाही. दिली असती तर मला परत घेता आली नसती.

"रागावलीस का गं?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. चिमकडे बघितलं. मग दुसऱ्या पोरीकडे, नाव नसलेल्या. आता तिला कोण गाणार होतं? कोणाला येत होतं?

"तिच्या आईला दूध येतं का?"

"आटलंय. कोंडलं तेव्हापासून."

"मग तूच पाजतेस?"

"हो."

"दोघींना पुरतं?"

"पुरतं."

होडी हलली. आईने पाण्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. ऊन डोळ्यांत येत होतं म्हणून तिने कपाळावर हात धरला.

"मग पाज," ती म्हणाली.